काळी कड

जव्हार, ता. ६ जानेवारी १९२८

मदीनास जमालचा सलाम आणि अम्माची दुवा.

तुझं कार्ड पोचलं. अम्माला वाचून दाखवलं, फक्त "यांच्या थुंकीत लाल दिसतं" एवढं सोडून. ती म्हणाली, "मधेच का थांबलास?" म्हटलं, अक्षर लागत नाही. तुझं अक्षर इतकं सुरेख, की दरबारच्या शाळेतल्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर मला या वयात बाकावर उभं केलं असतं.

हारुनला गॅरेजवाल्याने घरी बसवलं याचं वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. डॉक्टर डोंगराची कोरडी हवा सांगतो. ती आपल्याकडे ढीगभर आहे आणि तिचं भाडं पडत नाही. रमजानचा चांद त्याला जव्हारात बघायचा आहे, तेही कळलं. आणि काही कमी-जास्त झालं तर तिथेच बापाच्या कबरीशेजारी ठेवा, असं तो तुला म्हणाला, तेही मी वाचलं. ते बोलणं आत्ता नको. आधी त्याला घरी आणू.

आणायचं कसं, ते ऐक. बैलगाडीत त्याला घालवत नाही. रेल्वेने मुंबईवरून डहाणूला वळसा घालून यायचं तर धडधाकट माणूस आजारी पडेल. त्र्यंबकला भाड्याच्या मोटारवाल्यांना विचारून पाहिलं. "पेशंट कसला?" म्हणाले. खोकल्याचा म्हटल्याबरोबर एकाला गाडी पुसायची आठवण झाली, दुसऱ्याला घरी पाहुणे आल्याची. राहिली आपली मोटार.

कल्हईची भट्टी खांद्यावर मारून पाड्यापाड्यांवर हिंडणाऱ्या जमालने ही जुनी मोटार घेतली, तेव्हा अख्खं जव्हार हसलं होतं. हारुनने ती सुरू करून दाखवली तेव्हा हसायचं थांबलं. पण आता तीच घाट चढत नाही. मोखाड्याकडून चढ लागला की आतून ठोके मारते, टक टक टक, आणि जोर सोडते. परवा सगळी माणसं उतरवली. सूर्यमाळची म्हातारी फागी आहे ना, मधाची डबडी घेऊन येते ती, इंजिनाला कान लावून म्हणाली, "आत कोन कोंडलाय रं? दार वाजवतंय." आणि आपला सुकऱ्या, पोशेऱ्याचा, चढावर चाकामागे दगड लावायला मी ठेवलाय तो, खांदा लावता लावता म्हणतो, "शेट, भाडं गाडीनं आपल्याला द्यावं. आपन तिला नेतू."

हसलो सगळे. पण हारुनला घेऊन यायचं तर तो मागच्या बाकावर आडवा असणार. त्याला काय सांगू, उतर आणि ढकल?

दर वर्षी तो येऊन गाडीचं पोट उघडतो आणि साफ करतो. औंदा आला नाही. त्याला विचार, इथे कोणाला गाठू?

जमाल

*

नाशिक, ता. १२ जानेवारी १९२८

भाई, तुला आणि अम्माला सलाम.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. फागीचं ऐकून हसले, मग खोकले. नंतर म्हणाले, "काजळी बसलीय. दुसरं काही नाही. कोणाला गाठायला नको, तुझ्या भावालाच म्हणावं, काढ."

मी म्हटलं, "त्याला कुठे येतं?"

"अर्धा जन्म भांड्यांच्या बुडाशी काढलाय त्याने. हेही भांडंच आहे, उपडं घातलेलं. तू लिही, मी सांगतो."

तर हे सांगतात तसं लिहिते. आदल्या दिवसापासून गाडी गार पडू दे. पाणी सोड. प्लगच्या तारा काढण्याआधी कुठली कुठे होती त्याला दोरे बांध, नाही तर जोडताना अदलाबदल होईल. वरचं डोकं नटांवर बसलंय. एका बाजूचे नट सगळे एकदम काढू नको, इकडचा थोडा, समोरचा थोडा, असं सैल करत जा. डोकं चिकटून बसेल. छिन्नी घालशील तर माझी शपथ, असं म्हणतात. लाकडाने हलके ठोक, ते सुटेल. डोक्याखाली सांध्यात तांब्याचा पत्रा आहे, तो फाटला तर मुंबईशिवाय मिळायचा नाही.

आत चार नळ्या आणि चार दट्टे दिसतील. ज्याला साफ करतोस तो दट्ट्या वर आण, बाकी भोकांत चिंध्या कोंब, कण आत पडू देऊ नको. काजळीवर रॉकेल घाल, भिजू दे. खरवडायला लोखंड नको, पितळेची पट्टी घे नाही तर बांबूचा काप. लोखंडाचा चरा पडला की पुढची काजळी त्याच चऱ्याला येऊन चिकटते. झडपांच्या तोंडाशीही पुसून घे. आणि दट्ट्याच्या काठाला गोल काळी कड असेल, करंगळीच्या नखाएवढी. ती राहू दे. तिला हात लावू नको.

एवढं सांगितलं आणि खोकल्याची उबळ आली. मी लिहायचं थांबवलं.

आता यांचा डोळा लागलाय म्हणून पुढचं माझं. घरमालकीण म्हणते, पंधरवड्यात खोली बघा दुसरी. पेला वेगळा, चूल वेगळी, आता खोलीही वेगळी. यांना मी सांगितलेलं नाही. हे दिवसभर एकच विचारतात, चांदाला किती अवकाश आहे. भाई, तू गाडी नीट कर आणि ये.

मदीना

*

जव्हार, ता. २२ जानेवारी १९२८

मदीनास सलाम.

हारुनला सांग, डोकं सुटलं. छिन्नी लावली नाही, त्याच्या शपथेची भीती वाटली म्हणून नव्हे, तांब्याच्या पत्र्याची किंमत आठवली म्हणून.

अंगणात गाडी उघडली तेव्हा जत्रा भरली होती. जो येईल तो आत वाकून बघतो आणि वैद्यासारखी मान हलवतो. सुकऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "काय तं हे! नाचणीची भाकर करपवून ठेवलीय जनू." अगदी तसंच आहे. चारही दट्ट्यांवर काळा खरपुडा, वर भुसभुशीत, खाली दगडासारखा. डोक्याच्या आतल्या बाजूलाही तेच. तो तापून लाल होतो आणि ठोके मारतो, असं हारुन मागे सांगायचा, ते तेव्हा या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आता डोळ्यांनी दिसलं.

डोकं मी अम्माच्या परातीत ठेवलं. तिने ते सकाळी पाहिलं. मला म्हणाली, "ही परात आता पाक व्हायची का रे?" म्हटलं, कल्हईवाल्याच्या घरात विचारतेस? तेवढ्यापुरती हसली. मग परातीशेजारीच बसली आणि फडक्याने नट पुसायला लागली, एकेक करून. "हारुनला आणायची गाडी आहे ना ही?" म्हणते. "मग मलाही काही करू दे."

दोन दट्टे झाले. रॉकेलमध्ये भिजवलं, बांबूने खरवडलं, चिंधीने पुसलं. काम हाताला ओळखीचं वाटतं. पण मदीना, एक गोष्ट मनाला पटत नाही. ती कड. सबंध दट्ट्या लख्ख आणि काठाला काळं गोल कडं तसंच. डोळ्याला खुपतं. तुला ठाऊक आहे, आपल्या धंद्यात भांड्याच्या काठाशी काळं राहिलं तर बाई ते भांडं आपल्या पायांपुढे फेकते. अब्बांनी मला पहिला धपाटा घातला तो कशासाठी? टोपाच्या कडेला बोटभर काळं ठेवलं म्हणून. "मधे कोणीही चमकवतो," म्हणाले. "कारागीर कडेला कळतो."

ती कड ठेव असं हारुन खरंच म्हणाला, की तापात बोलला? की "राहू देऊ नको" म्हणाला आणि तू घाईत उलटं लिहिलंस? विचारून लगेच कळव. तोवर ती तशीच ठेवून पुढचे दोन करतो.

जमाल

*

नाशिक, ता. २९ जानेवारी १९२८

भाई, सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून यांना ताप आहे. डोळे मिटून पडतात. जाग आली की खोकला येतो, खोकला आला की लाल पडतं, म्हणून निजलेल्याला उठवायचा मला धीर होत नाही. दोनदा पत्र हातात घेऊन उशाशी बसले आणि परत घडी घातली.

मी लिहिलं ते ऐकलं तसंच लिहिलं. पण तेव्हा हे धापा टाकत होते, काय बोलून गेले अल्ला जाणे. मी बाईमाणूस, मला इंजिनातलं काय कळतं? हात तुझे आहेत, नजर तुझी आहे. तुला ठीक दिसेल तसं कर. पण लवकर कर.

आज दुपारी जरा शुद्धीवर होते. म्हणाले, "जमालभाईने उघडली का गाडी?" म्हटलं, उघडली, निम्मी झाली. "मग येईल," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मदीना

*

जव्हार, ता. ९ फेब्रुवारी १९२८

मदीनास सलाम. हारुनला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

हारुन, गाडी झाली. चारही दट्टे असे केलेत की वाकून बघशील तर आपली दाढी दिसेल. कडासुद्धा काढल्या. तू काहीही म्हण, अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करून पाण्यात बुडवला, मऊ झाला, बसवला. नट तू सांगितलंस तसे तिरपे आवळले. तारांचे दोरे अम्माने बांधले होते, लाल, पिवळा, हिरवा आणि एक तिच्या जुन्या कुडत्याच्या नाडीचा. एकही तार चुकली नाही.

मोखाड्यापर्यंत जाऊन आलो. ठोका गेला. समूळ गेला. ज्या चढावर माणसं उतरायची तिथे फागी आत बसून राहिली आणि उतरायच्या सवयीने दोघे उतरले, त्यांना पळत येऊन गाडी गाठावी लागली. सुकऱ्या दगड हातात धरून नुसताच उभा. म्हणाला, "शेट, माझी भाकर गेली."

धूर जरा निळा सोडते. सुकऱ्या म्हणतो, "मागं धुकं पडतंय." आत रॉकेल आणि नवं तेल राहिलं असेल, जळून जाईल.

शुक्रवारची नमाज झाली की शनिवारी, अठरा तारखेला, पहाटे निघतो. त्र्यंबकवरून दुपारपर्यंत तुमच्या दारात. मागच्या बाकावर गादी घातलीय. अम्माने पुढची खोली सारवून घेतली, खिडकीशी खाट टाकली, तिथून मशिदीचा मिनार दिसतो. चांदाच्या आधी तू त्या खाटेवर असशील. तयार राहा.

जमाल

*

नाशिक, ता. १३ फेब्रुवारी १९२८

भाई, सलाम.

तुझ्या पत्राने जे झालं ते डॉक्टरच्या बाटलीने झालं नाही. ताप उतरलाय. काल उठून बसले, पेज प्यायले. "ठोका गेला" हे दोनदा वाचायला लावलं. फागी गाडीत बसून राहिली ते तीनदा.

कडेचं आणि धुराचं मी वाचलं नाही. वाचलं असतं तर उठून बसले असते आणि पत्रं लिहायला लावली असती, असं कर, तसं कर, आणि छाती पुन्हा फाटली असती. तू आलास की तुमचं तुम्ही बघा.

आता खिडकीला टेकून बसतात. रस्त्याने मोटार गेली की न बघता सांगतात कोणाची ती. ही कलेक्टरची, ही दवाखान्याची, ही अमक्या सावकाराची, हिचा पट्टा सैल आहे. मी विचारलं, "आणि भाईची?" म्हणाले, "ती आता अशी येईल की आलेली कळणार नाही. शिवणाच्या यंत्रासारखी. चार नळ्या एका सुरात."

वळकटी बांधून ठेवलीय. स्वतःचा पाना आणि पितळेची पट्टी त्यात घाल म्हणाले. घरमालकिणीला सांगितलं, शनिवारी खोली रिकामी होईल. ती एकदम गोड बोलायला लागली.

वाट बघतो.

मदीना

*

जव्हार, ता. ८ मार्च १९२८

मदीनास सलाम.

रोजे चालले आहेत. हारुनच्या मागे तुझी इद्दत आहे, चार महिने दहा दिवस तू बाहेर पडायचं नाहीस, आणि त्या खोलीत कशी राहतेस ते मी विचारत नाही. गॅरेजच्या मालकाने घरमालकिणीला इद्दतभर खोली सोडायला लावायची नाही असं बजावलंय, हे ऐकून त्याच्याविषयीचं माझं मत बदललं.

परत आलो तेव्हा तुझं तेरा तारखेचं पत्र अम्माच्या हातात होतं. मी निघाल्यावर आलं. तिला वाचता येत नाही, तरी उशीखाली ठेवून होती. मी वाचून दाखवलं. "चार नळ्या एका सुरात" याच्यापुढे मलाच वाचवेना.

त्या दिवशी रस्त्यात काय झालं ते तुला सगळं सांगितलेलं नाही, तेव्हा बोलायची ती वेळ नव्हती. मोखाडा सोडेपर्यंत गाडी छान होती. घाटात धूर वाढला. मग एक नळी मुकी झाली. प्लग काढला तर तेलात न्हालेला, काळा ओला. पुसला, बसवला, चाललो. थोडं गेल्यावर दुसरी. पुन्हा उतर, पुन्हा पूस. सुकऱ्या म्हणाला, "शेट, हिला पान्हा फुटलाय. तेल वर येतंय." मी त्याला ओरडलो. दुपार घाटातच सरली. डब्यातलं तेल संपलं, त्र्यंबकला मिळालं ते पातळ, ते तर पाण्यासारखं वर चढलं. नाशिकच्या वेशीत शिरलो तेव्हा तीन नळ्यांवर होतो आणि मागे बघवत नव्हतं एवढा धूर.

मयतीला हारुनचा मिस्त्री होता ना, टकला, त्याने दुसऱ्या दिवशी गाडी बघितली. पहिलाच प्रश्न, "कड काढलीस?" म्हटलं, हो. म्हणाला, "दट्ट्याभोवतीच्या लोखंडी कड्या झिजल्या असल्या म्हणजे ती काजळीची कडच तेलाला अडवते. हारुनने सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं, सांगितलं होतं. त्याने हात पुसले. गाडी चालवत राहा, कड पुन्हा धरेल, एवढं म्हणाला.

त्या गाडीत घालून हारुनला जव्हारला आणता आलं नाही. दुसरा कोणी आणायला तयार नव्हता. तुम्ही सगळे म्हणालात, नाशिकलाच ठेवू, माती सगळी अल्लाचीच. तसंच असेल. अम्मा खिडकीजवळची खाट हलवू देत नाही.

गाडी मी ताडपत्री घालून ठेवली आहे. भट्टी काढली, पुन्हा पाड्यांवर जातो. सुकऱ्या रोज सकाळी पोशेऱ्याहून येतो, ताडपत्रीकडे बघतो, विडी ओढतो आणि जातो.

आता मला विचारायचं आहे ते. तू म्हणालीस, ते दुपारी गेले, आणि मी मान हलवली. पण मदीना, मी आलो तेव्हा गल्लीत एक माणूस नव्हता. दुपारची मयत असती तर संध्याकाळच्या मगरिबपर्यंत निदान शेजारच्या चार बायका आल्या असत्या. तुझ्या अंगावर बाहेर जायची चादर होती आणि पायांत वहाणा. आत माणूस झाकून ठेवलेला असताना बाई वहाणा घालून कुठे निघेल? आणि मी त्याचा हात हातात घेतला तेव्हा तो गरम होता. तापलेली आणि निवत आलेली भांडी हाताळण्यात माझा जन्म गेला, एवढा फरक मला कळतो.

मी गल्लीत शिरलो तेव्हा तो होता का? मला सांग. माझ्यासाठी खोटं बोलू नको, ते मला ऐकू येतं.

जमाल

*

नाशिक, ता. २ एप्रिल १९२८

भाई, सलाम. अम्माला सलाम. ईद झाली म्हणायची.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. तीनदा लिहायला बसले. अम्माला यातलं वाचून दाखवू नको.

पहिलं म्हणजे ताडपत्री काढ. फागी म्हातारी आहे, तिला डबडी डोक्यावर घेऊन घाट चढायला लागत असेल. सुकऱ्याला रोज विडी ओढायला पोशेऱ्याहून यायला लावू नको. यांनी सुरू करून दिलेली गाडी आहे, ती अंगणात मेलेली मला नको.

आता तू विचारलंस ते.

त्या दिवशी सकाळी यांना बरं होतं. न्हाव्याला बोलावून दाढी करवून घेतली, धुतलेला सदरा घातला. "सासुरवाडीला चाललोय, नवरदेव दिसलं पाहिजे," म्हणाले. खिडकीला टेकून बसले. मोटार वाजली की मी बघायची आणि हे मान हलवायचे. "ही नाही." दुपार झाली, जेवले नाहीत. "वाटेत खाऊ, जमालभाईने काही तरी बांधून आणलं असेल." मग दम लागला, मी आडवं केलं. म्हणाले, "निजतो, पण कान जागे आहेत."

दिवस कलला तसे हात गार पडायला लागले. मी वाटी तापवून तळहात शेकत होते. तू धरलास तो हात त्या शेकाने गरम होता की अजून त्यांचाच होता, ते मलाही सांगता येणार नाही.

मगरिबच्या आधी कोपऱ्यावर एक मोटार आली. अडखळत, मधेच फटकन वाजत, पुन्हा अडखळत. माझ्या मनात आलं, हीच असेल. मी म्हटलं, "अहो, भाई आला वाटतं."

यांनी डोळे मिटूनच ऐकलं. नीट ऐकलं, जसे गॅरेजात ऐकायचे तसं, तोंड थोडं उघडं ठेवून. मग मान हलवली.

"नाही ग. जमालभाईची साफ झालीय. ही कोणा गरिबाची आहे. एक नळी मेलीय तिची, तेलात बुडून."

गाडी जवळ येत होती. हे पुन्हा बोलायला लागले, धाप लागत होती तरी. "जा, त्याला सांग. असाच पुढे गेला तर अंधारात घाटात अडकेल. प्लग काढून पूस म्हणावं, आणि तेल जाड घाल."

मी म्हटलं, "तुम्हाला असं टाकून परक्याला सांगायला जाऊ?"

"जा. निघून जाईल तो. त्याचीही कोणी वाट बघत असेल."

यांनी एवढ्या कळवळ्याने सांगितलं, म्हणून मी उठले. चादर घेतली, वहाणा घातल्या, दार उघडलं. गल्लीभर निळा धूर होता, डोळे चुरचुरले. गाडी पुढे गेली नाही, आपल्याच दारासमोर थांबली. धुरातून आधी सुकऱ्या उतरला, मग तू.

मी तुला हाक मारली नाही, आठवतं का? मी तशीच उलटी आत धावले. दोन पावलांची खोली. "अहो, तो परका नाही, आपलाच आहे," असं म्हणतच आत गेले. ते खिडकीकडे तोंड करून होते. मी पुढे वाकून पुन्हा सांगितलं. खांदा हलवून सांगितलं.

मग उंबऱ्यात आले, तेव्हा तू दिसलास, आणि मी म्हटलं, दुपारी गेले.

मदीना